धुतली, रंगवली, तरी चेन डाग सोडतेच

सायकलच्या चेनची फोटोफ्रेम, चेनव्हीलचं (पेडलजवळच्या दातेरी चाकाचं) घड्याळ, रिमचा आरसा, पेडलची खुंटी. वस्तू झकास बनते, भिंतीवर चढते, येणारेजाणारे दोन शब्द कौतुकाचे बोलतात. काही आठवड्यांनी तिच्याखाली भिंतीवर पिवळट-काळा ओघळ दिसायला लागतो. मग वस्तू उतरवा, पुसा, स्प्रेचा आणखी एक हात मारा, पुन्हा टांगा. थोड्याच दिवसांत ओघळ परत हजर.

या तक्रारीवर सर्रास मिळणारं उत्तर म्हणजे 'भारीतला रंग वापरा'. माझ्या मते हे उत्तरच भरकटलेलं आहे. रंग बसतो बाहेरून आणि डाग येतो आतून. सायकलचा जवळजवळ प्रत्येक फिरता भाग वंगण पोटात धरून ठेवण्यासाठीच बनवलेला असतो, आणि वर्षानुवर्षं त्याने ते इमानेइतबारे धरलेलं असतं. त्यावर रंग मारला की फार तर बाहेर पडायची वाट बदलते. म्हणून ब्रश हातात घेण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा: डाग नेमका कशाचा आहे आणि तो वस्तूच्या कुठल्या पोकळीतून येतोय.

डाग कसला आहे

पांढऱ्या सुती कापडाचा कोपरा रॉकेलात किंवा टर्पेंटाइनमध्ये भिजवा आणि वस्तूच्या सांध्यांवरून फिरवा. कापड काळं झालं आणि काळं बोटाने पसरतंय, तर ते ग्रीस. रॉकेलाने काहीच हललं नाही पण बोटाला बारीक खरखरीत तांबडी भुकटी लागली, तर गंज. तांबड्याऐवजी पांढरी, खडूसारखी भुकटी निघाली तर भाग ॲल्युमिनियमचा आहे किंवा त्यावर जस्ताचा मुलामा आहे. तिथे गंजावरचे उपाय करायचे नाहीत, काही तर उलटतात. आणि टायर-ट्यूबच्या वस्तूखाली फरशीवर तपकिरी छाप उमटली असेल, जी रॉकेलाने, साबणाने, कशानेच जात नाही, तर ते प्रकरण वेगळंच आहे. त्याकडे शेवटी येतो.

सोबत एक लोहचुंबक ठेवा. चिकटला तर पोलाद, नाही चिकटला तर बहुधा ॲल्युमिनियम. स्टेनलेसच्या स्पोकला तो नावापुरताच ओढ दाखवतो किंवा अजिबात दाखवत नाही. एवढ्या चाचणीवर पुढचे निम्मे निर्णय होतात.

चेन: सगळ्यात जास्त डाग हीच सोडते

चेन हातात घेऊन एकच सांधा नीट बघा. बाहेरच्या दोन पट्ट्या, आतल्या दोन पट्ट्या, त्यांतून आरपार गेलेली पिन आणि पिनेभोवती फिरणारा रोलर. सायकलच्या चेनमध्ये दोन पिनांतलं अंतर 12.7 मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच. एका अख्ख्या चेनमध्ये असे शंभराहून जास्त सांधे, आणि प्रत्येक सांध्यात पिन आणि रोलरच्या मध्ये केसाएवढी फट. जुन्या बनावटीच्या चेनमध्ये त्या फटीत बुश नावाची आणखी एक बारीक नळी असते. नंतरच्या चेनमध्ये आतल्या पट्ट्यांच्याच कडा वळवून ते काम भागवलेलं असतं. बुशवाली चेन साफ व्हायला जास्त चिवट, कारण अखंड नळीमुळे आतलं ग्रीस सहज बाहेर येत नाही.

आता रोलर अंगठ्याने दाबून फिरवा. बाहेरून लख्ख दिसणाऱ्या चेनमधूनही कडेला काळी रेघ बाहेर येईल. हा काळा रंग ग्रीसचा नाही. ग्रीसमध्ये मिसळलेल्या धुळीचा आणि पिना घासून निघालेल्या पोलादाच्या अतिबारीक चुऱ्याचा तो रंग. हे लक्षात आलं की एक नेहमीचं कोडं सुटतं. 'धुतल्यावर काळा डाग थांबला, पण आता तांबडा सुरू झाला' असं अनेक जण सांगतात. त्याचं कारण हे की अर्धवट धुण्यात तेल निघून जातं आणि चुरा आतच राहतो. तेलाचं पांघरूण गेलेल्या चुऱ्याला पाणी मिळालं की तो अखंड पोलादापेक्षा कितीतरी भरभर गंजतो. अर्धवट धुतलेली चेन न धुतलेल्या चेनपेक्षा वाईट, असं मी बिनदिक्कत म्हणेन.

धुण्याची रीत अशी. वस्तू बनवण्याआधी, चेन सुटी असतानाच धुवा. जोडून झाल्यावर धुणं म्हणजे दुप्पट काम. रुंद तोंडाच्या झाकणाच्या बाटलीत चेन आणि ती बुडेल एवढं रॉकेल घाला, बाटली हलवा, तासभर ठेवा, पुन्हा हलवा. द्राव काळाकुट्ट होईल. तो दुसऱ्या बाटलीत ओता आणि चेनवर ताजं रॉकेल घाला. असं करत राहायचं, हलवल्यावरही द्राव जवळजवळ स्वच्छ दिसेपर्यंत. मधेमधे चेन बाहेर काढून प्रत्येक सांधा दोन्ही बाजूंना वाकवायचा. नुसतं बुडवून ठेवल्याने आतलं ग्रीस मऊ होतं, बाहेर येत नाही. ते येतं सांधा हलल्यावर. वापरलेलं रॉकेल फेकू नका. काही दिवस स्थिर ठेवलं की गाळ तळाशी बसतो आणि वरचं स्वच्छ रॉकेल पुढच्या चेनच्या पहिल्या धुण्याला चालतं. गाळ मात्र मोरीत ओतायचा नाही.

पेट्रोल वापरू नका. ते पटकन साफ करतं हे खरं, पण त्याची वाफ शून्याखालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते आणि जमिनीलगत पसरून दूरच्या ठिणगीपर्यंत पोचते. रॉकेलाला त्यासाठी साधारण 38 अंश सेल्सिअसच्या पुढे तापावं लागतं. काम तरीही उघड्यावर आणि आगीपासून लांबच करायचं.

रॉकेलानंतर भांड्याच्या साबणाचं कडकडीत पाणी, म्हणजे रॉकेलाचा पुसट थर निघतो. मग साधं गरम पाणी. आणि आता खरी निकड आहे ती वाळवण्याची. फटीत अडकलेलं पाणी सहज निघत नाही. शेवटचं विसळणं आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये केलं तर ते पाण्याला सोबत घेऊन उडून जातं. अल्कोहोल पूर्ण उडालं की मगच हेअर ड्रायर किंवा कडक ऊन. रॉकेल-अल्कोहोलचा वास येत असलेली वस्तू स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये घालायची नाही, हे सांगावं लागू नये, पण लागतं.

झालं का साफ? चेन पांढऱ्या टिश्यूत गुंडाळून उबदार जागी रात्रभर ठेवा. सकाळी टिश्यूवर राखाडी ठिपके असतील तर पुन्हा बाटलीत.

मग चेन रंगवायची कशाला?

माझं मत: चेन रंगवूच नका. चेन घट्ट वेल्ड करून कडक केलेली नसेल तर ती थोडीफार हलतेच आणि रंगाची पहिली भेग बरोबर सांध्यावर पडते. तिथून दमट हवा आत जाते. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो रंगाला आतून उचलतो, पापुद्रा सुटतो आणि आणखी भेग पडते. दुसरा हात मारून हे चक्र थांबत नाही.

त्यापेक्षा मेण. शर्यतीची सायकल चालवणारे कित्येक जण चेनला तेलाऐवजी पॅराफिन मेण लावतात, कारण मेण आत जाऊन घट्ट होतं आणि हाताला काळं लागत नाही. आपल्याला नेमकं हेच हवंय. साधं पॅराफिन सुमारे 50 ते 65 अंशांच्या दरम्यान वितळतं. ते थेट आचेवर ठेवायचं नाही. मोठ्या भांड्यात उकळतं पाणी आणि त्यात बसेल असं मेणाचं छोटं भांडं. पूर्ण कोरडी चेन त्यात सोडली की बुडबुडे यायला लागतात, ती फटींतली हवा. बुडबुडे थांबले की आत मेण पोचलं. चेन तारेने उचलून टांगा, थंड होऊ द्या, मग कडक झालेले सांधे एकेक करून मोकळे करा आणि वरचं जादा मेण कापडाने घासून काढा. चेन ओली असेल तर गरम मेण तडतडून अंगावर उडतं, म्हणून 'पूर्ण कोरडी' हे शब्द गंमत म्हणून लिहिलेले नाहीत.

मेणाला दोन मर्यादा आहेत. मेण लागल्यावर त्यावर रंग बसत नाही, त्यामुळे मेण की रंग हे आधीच ठरवावं लागतं. आणि बल्बच्या जवळ, मेणबत्तीच्या स्टँडला किंवा उन्हाच्या खिडकीत मेण मऊ पडतं. दिव्याच्या शेडला चेन लावायचीच असेल तर ती नीट साफ करून, वाळवून, पिना-पट्ट्या जागच्या जागी वेल्ड करून, मग उष्णता सोसणारा रंग. वेल्डिंग करताना क्रोमच्या आणि जस्ताच्या मुलाम्याच्या भागांपासून जपा. दोन्हींचा धूर विषारी असतो. क्रोमचा तर फारच. मुलामा आधी उतरवा किंवा असे भाग बोल्टने जोडा.

हब, पेडल, फ्रीव्हील

इथे उत्तर एका प्रश्नावर अवलंबून आहे: हा भाग तुमच्या वस्तूत फिरणार आहे का?

फिरणार नसेल तर पोटातलं सगळं बाहेर काढा. पेडलची खुंटी हे ठळक उदाहरण. टोकाची टोपी, नट, कोन (छर्रे दाबून धरणारा शंकूसारखा नट) काढलं की छर्रे आणि ग्रीसचा गोळा बाहेर येतो. तो आत ठेवून खुंटी टांगली तर गरम दिवसांत ग्रीस पातळ होऊन कपड्यांवर उतरतं. हबचंही, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचंही, तेच. ॲक्सल काढताना खाली ताट ठेवा; मागच्या हबमध्ये बहुतेक वेळा प्रत्येक बाजूला पाव इंचाचे 9 छर्रे असतात आणि पुढच्यात थोडे लहान, 10. ते घरंगळत कपाटाखाली जातात.

फिरणार असेल, जसं की चाकाचं गोल फिरतं टेबल, तर धुवून ताजं ग्रीस भरा, पण थोडं. सायकलवर हब हजारो फेऱ्या मारतो, टेबलाला दिवसाला पाच-दहा पुरतात. वाटीत छर्रे जागेवर राहतील एवढा पातळ थर बस्स. आणि धूळ अडवणारी टोपी काढून टाकू नका, दिसायला कुरूप असली तरी.

फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरची दातेरी चकती, उघडण्याच्या भानगडीत न पडलेलं बरं. आत ढिगाने बारीक छर्रे आणि स्प्रिंगवरच्या कुत्र्या (एका दिशेला फिरणं अडवणाऱ्या बारीक पट्ट्या) असतात, उघडलं की सगळं विखुरतं. रॉकेलात बुडवून, ज्या दिशेला मोकळं फिरतं त्या दिशेला फिरवत धुवा आणि उबेत आडवं ठेवून वाळवा. तरी मनात शंका उरतेच, म्हणून फ्रीव्हीलच्या वस्तू मी भिंतीवर लावत नाही. टेबलावर, खाली चकती ठेवून.

व्हिनेगरने चकचकीत झालं, दुसऱ्या दिवशी केशरी

ही दुसरी हमखास तक्रार. रिम, चेनव्हील, क्रँक (पेडलचा दांडा) व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवलं, गंज गेला, राखाडी धातू दिसला, आणि वाळत ठेवल्यावर काही तासांत सगळीकडे फिकट केशरी झाक. व्हिनेगरमध्ये काही दोष नाही. आम्लाने गंज काढला तेव्हा खाली उघडं, ताजं पोलाद उरलं आणि त्यावर ओलावा नि आम्लाचा अंश दोन्ही राहिले. अशा पृष्ठभागाला गंजायला वेळ लागत नाही.

बाहेर काढल्याबरोबर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, म्हणजे उरलेलं आम्ल मरतं. मग कडक गरम पाण्याने विसळा. धातू स्वतःच तापला की पाणी लवकर उडतं. लगेच हेअर ड्रायर आणि त्याच दिवशी प्रायमर. 'उद्या सावकाश रंगवू' म्हणून ठेवलेला भाग उद्या पुन्हा घासावा लागतो. हलकी झाक आलीच असेल तर बारीक सँडपेपरने उडवून टाका, पुन्हा भिजवायची गरज नाही. गंज खोल खड्ड्यांत बसला असेल आणि निघतच नसेल तर टॅनिक आम्लाचं कन्व्हर्टर उपयोगी पडतं: ते उरलेल्या गंजाला काळ्या, स्थिर थरात बदलतं. पण ते गंजावरच काम करतं. स्वच्छ धातूवर लावून काही साधत नाही.

प्रायमर मारण्याआधी हवा बघा. भागाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं त्यापेक्षा) निदान 3 अंशांनी जास्त असावं, हा रंगकामातला जुना नियम. दमट संध्याकाळी थंड लोखंडावर डोळ्यांना न दिसणारं दव धरलेलं असतं आणि रंग त्या दवावर बसतो. पातळ दोन-तीन हात, दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ, आणि पूर्ण कडक व्हायला काही दिवस. बोटाला चिकटत नाही म्हणजे रंग पिकला असं नव्हे.

एक जागा कायम सुटते. जुन्या रोडस्टर (रोजच्या वापराच्या दणकट) सायकलींच्या पोलादी रिमच्या कडा आत गुंडाळलेल्या असतात. त्या गुंडाळीत पाणी, माती, गंजाची पूड सगळं साचतं आणि तिथे ब्रशही पोचत नाही. रिमचा आरसा केला की नेमका तिथूनच खाली ओघळ येतो. तारेने ती गुंडाळी खरवडा, रिम उभी धरून ठोका, पाणी पूर्ण निथळू द्या आणि पातळ केलेला प्रायमर सिरिंजने आत सोडून रिम हळूहळू फिरवा. ॲल्युमिनियमच्या दुपदरी रिममध्येही धुतल्यावर पाणी अडकतं. हलवून कान लावला की खळखळ ऐकू येते. स्पोकची भोकं खाली करून ठेवा.

क्रोमच्या हँडलवर रंग मारू नका. क्रोमला रंग धरत नाही, नखाने सोलून निघतो. क्रोमवरचे तांबडे ठिपके म्हणजे मुलाम्याला पडलेली सूक्ष्म भोकं आणि त्यांखालचं गंजलेलं पोलाद. ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून घासा: फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे येत नाहीत आणि ठिपके जातात. मग फर्निचरचं किंवा गाडीचं मेण. भोकं कायमची बुजत नाहीत, त्यामुळे मेणाचा हात अधूनमधून द्यावा लागणारच.

ॲल्युमिनियमचे भाग धुण्याच्या सोड्यात उकळू नका, काळे पडतात. कॉस्टिक सोडा तर लांबच ठेवा. तो ॲल्युमिनियम खातो आणि त्यातून पेटणारा हायड्रोजन वायू निघतो. ॲल्युमिनियमच्या क्रँकमध्ये पोलादी बोल्ट घालून वस्तू न्हाणीघरात लावली तर जोडावर पांढरी भुकटी साचते. दोन वेगळे धातू आणि मध्ये ओल, एवढं त्याला पुरतं. मध्ये नायलॉनची वॉशर घाला, बोल्टच्या आट्यांना थोडं ग्रीस लावा.

टायर-ट्यूबची तपकिरी छाप

हा ना गंज ना ग्रीस. रबर तडकू नये म्हणून त्यात काही संरक्षक द्रव्यं मिसळलेली असतात. ती हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात आणि फिकट फरशीत, व्हिनाइलमध्ये, लाकडाच्या पॉलिशमध्ये शिरतात. छाप पडल्यावर बहुतेक वेळा ती निघत नाही, म्हणून इलाज आधीच. टायरच्या स्टुलाला खाली कॉर्क किंवा जाड नमदा लावा. ट्यूबचे कोस्टर पॉलिश केलेल्या लाकडावर ठेवू नका. टायर कितीही धुतला तरी हे द्रव्य संपत नाही, ते रबराच्या आत असतं.

वस्तू आधीच भिंतीवर आहे

उतरवता येत असेल तर उतरवा. जोड बोल्टचे असतील तर सोडवून वरचीच कामं क्रमाने करा. वेल्ड केलेलं असेल तर अख्खी वस्तू रॉकेलाच्या तसराळ्यात बुडवा, हलवा, साबण-गरम पाणी, अल्कोहोल, ऊब. जुना रंग तेलावर मारलेला असेल तर तो काढल्याशिवाय सुटका नाही. तेलावर बसलेला रंग नंतरच्या प्रत्येक थराला घेऊन सुटतो. थिनरपेक्षा रंग काढायची जेल बरी, ती सांध्यांत टिकून राहते.

काही जण शेवटचा हात म्हणून जवसाचं उकळलेलं तेल लावतात. लोखंडावर ते छान दिसतं, मान्य. पण ते पुसलेली चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेटू शकते. चिंध्या मोकळ्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

परत टांगताना वस्तू भिंतीला चिकटवू नका. मागे कॉर्कचे किंवा नमद्याचे तुकडे लावून थोडी फट सोडा, म्हणजे मागून हवा फिरते. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की लोखंड गंजण्याचा वेग चांगलाच वाढतो, आणि ओल धरणाऱ्या भिंतीलगत ती खोलीतल्या हवेपेक्षा नेहमीच जास्त असते. न्हाणीघरासाठी पोलादी रिम निवडूच नका. ॲल्युमिनियमची रिम आणि स्टेनलेसचे स्पोक घ्या.

राहिला भिंतीवरचा जुना ओघळ. ग्रीसचा असेल तर त्यावर सरळ भिंतीचा रंग लावला की काही दिवसांत तो वर झिरपून येतो. आधी डाग दाबणारा सीलर प्रायमर, मग रंग. टाइलवरचा गंजाचा डाग सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने जातो. मात्र त्यात किंवा व्हिनेगरमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका, क्लोरिन वायू सुटतो. आणि फरशी संगमरवरी असेल तर सायट्रिक ॲसिड, व्हिनेगर, लिंबू यांपैकी काहीच नको: डाग जाईल, पण त्या जागी दगडाची झिलई उडून पांढुरका चट्टा राहील. तिथे आम्ल नसलेला, संगमरवरावर चालतो असं डब्यावर स्पष्ट लिहिलेला गंज-काढू घ्या आणि आधी कोपऱ्यात लावून बघा.